आधी भिंत, मग इमारत

अंकुशनगरात चित्रदालन काढायचं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग चार प्रश्न टाकतो. बघायला येणार कोण? विकत घेणार कोण? मोबाइलवर सगळं दिसत असताना दालन कशाला? आणि हवंच असेल तर सरकारनं नाहीतर कारखान्यानं बांधून द्यावं, तुम्ही कशाला पदरमोड करता? हे चार संपले की पाचवा येतो. तो प्रश्न नसतो, टोमणा असतो: शेतकरी अडचणीत आहे आणि तुम्हाला चित्रं सुचतात!

हे बोलणारे लोक काही कलेचे वैरी नाहीत. त्यांनी पैसा कष्टानं मिळवलेला आहे आणि तो कुठे बुडतो हे त्यांना माहीत आहे. म्हणून त्यांना 'कलेनं मन समृद्ध होतं' असला फळ्यावरचा सुविचार ऐकवून भागणार नाही. व्यवहाराच्या आक्षेपाला व्यवहारानंच उत्तर दिलं पाहिजे. मात्र या सगळ्या आक्षेपांच्या बुडाशी एक समजूत आहे, ती आधी बाहेर काढू. चित्रदालन म्हणजे इमारत, असं सगळे धरून चालतात. भूमिपूजन, कोनशिला, वातानुकूलन, फीत कापायला पाहुणा. माझं म्हणणं असं की लहान गावातली दालनं बंद पडतात ती याच समजुतीपायी. पैसा भिंती उभारण्यात संपतो आणि त्या भिंतींवर काय लावायचं, दार रोज कोण उघडणार, हिशेब कोण लिहिणार, याला काहीच उरत नाही. दालनाला लागते एक भिंत, एक वेळापत्रक आणि एक वही. इमारत नंतर झाली तर झाली.

आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला: बघायला येणार कोण? अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातलं, सोलापूर-धुळे महामार्गालगतचं, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव. गाळप हंगामात इथे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, टोळ्या येतात, पाळ्या बदलतात, चहाच्या टपऱ्या रात्रभर जाग्या राहतात. कारखान्याचे कामगार, आजूबाजूच्या शाळांमधले शिक्षक, हप्त्याच्या चौकशीला आलेले ऊस उत्पादक, महामार्गावरचे प्रवासी. माणसांची वाण आहे असं कुणी म्हणू नये.

आणि बघणाऱ्यांचा एक तयार वर्ग तर आपण मोजतच नाही. राज्यात दरवर्षी लाखो मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द गोदाकाठच्या खेड्यातल्या आठवीच्या पोरालाही पाठ असतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात म्हणून पालकही मागे लागतात. पण याच मुलांनी कागदावर जलरंग सुकताना कसा कडा धरतो, तैलरंगाचा थर कॅनव्हासवर कसा उभा राहतो, हे दुसऱ्या कुणाच्या चित्रात समोर उभं राहून पाहिलेलं नसतं. चित्रकलेची परीक्षा द्यायची आणि चित्र बघायचं नाही, हा प्रकार आपण वर्षानुवर्षं चालवून घेतला. गाणं न ऐकता गाण्याची परीक्षा कुणी दिली तर आपण हसू. एका दालनाच्या पंचक्रोशीत चार-पाच माध्यमिक शाळा असल्या तरी वर्षभर पुरेल एवढा प्रेक्षक जमतो. त्याला बोलवायला निमंत्रणपत्रिका लागत नाही, कलाशिक्षकाला एक फोन लागतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: विकत घेणार कोण? 'आपल्याकडे चित्र विकत घेण्याची सवयच नाही', हे वाक्य शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडी असतं. ते इतिहासाला धरून नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत गिरगावला छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या कुडाच्या भिंतींवरही पोचल्या. लोकांनी त्या पैसे मोजून घेतल्या, चौकटीत बसवल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पुसून ठेवल्या. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं वर्ष संपल्यावर फेकली जात नसत. तारखा कापून चित्र ठेवलं जाई. दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठासाठी दिवाळी अंक घेणारे वाचक होते. आजही बाबासाहेबांची, बुद्धाची, शिवाजी महाराजांची तसबीर नसलेलं घर मराठवाड्यात शोधून सापडायचं नाही. चित्र घेण्याची सवय गावाला आहे. आपण तिला किंमत दिली नाही आणि तिच्यापुढे नवं काही ठेवलंही नाही.

हो, पन्नास हजारांचा कॅनव्हास अंकुशनगरात खपणार नाही. पण तो खपवायचा आहेच कुणाला? पाचशे ते तीन हजारांपर्यंतची छोटी जलरंगचित्रं, छापचित्रं, रेखाटनं हा इथला माल. आणि निव्वळ विक्रीवर दालन चालवायचा हट्ट मुंबईतल्या जाणत्यांनीही सुरुवातीला धरला नव्हता. केकू गांधींचं उदाहरण मी या आक्षेपकांना मुद्दाम देतो. त्यांचं शेमोल्ड हे भारतातल्या आधुनिक चित्रकलेच्या दालनांतलं फार मोठं नाव. पण त्याची सुरुवात १९४१ साली चौकटी बनवण्याच्या धंद्यानं झाली. त्या चौकटींच्या दुकानात आरा, हेब्बर, हुसेन अशा त्या वेळच्या नवख्या चित्रकारांची चित्रं मांडली जाऊ लागली. केकू आणि खोर्शेद गांधींनी स्वतंत्र गॅलरी काढली ती १९६३ साली, तीही जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावरच्या छोट्या जागेत. आधी चौकटीचं दुकान आणि बावीस वर्षांनी गॅलरी. मुंबईला जे करावं लागलं ते अंकुशनगरानं करायला लाज कसली?

चौकटीचा धंदा तर गावात आजही आहे. वडिलांचा फोटो, लग्नाचा फोटो, सेवापूर्तीचं मानपत्र, पोराचं प्रशस्तिपत्र, कुलदैवत. हे काम नीट करणारा माणूस दालनही चालवू शकतो, कारण कागद कशानं खराब होतो हे त्याला ठाऊक असतं. जलरंगचित्र काचेला चिकटवून बसवलं की दोन पावसाळ्यांत कागदावर बुरशीचे ठिपके उठतात. म्हणून काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पोकळी हवी. मागचा पुठ्ठा साधा राखाडी वापरला तर त्यातलं आम्ल कागदाला पिवळं करतं. चौकटीची मागची फट टेपनं बंद केली नाही तर आतून कसर लागते. अंकुशनगरात यात आणखी एक भर: हंगामात चिमणीची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, तशी ती चित्रावरही पडणार. म्हणजे काचेशिवाय काही टांगायचं नाही आणि दाराला जाळी हवीच. ज्याला हे सगळं येतं त्याच्याकडे चित्रकार विश्वासानं चित्र ठेवतो, आणि गिऱ्हाईक आपल्या आजोबांचा फोटोही.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. मोबाइलवर सगळं दिसतं हे खरं, फक्त आकार दिसत नाही, पोत दिसत नाही आणि रंग त्या पडद्याच्या मर्जीनं दिसतो. ज्यांना शंका असेल त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावं. औंध हे काही शहर नाही. तिथल्या टेकडीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते. पुस्तकात पाहिलेली रविवर्म्याची सैरंध्री तिथे समोर येते तेव्हा पुस्तकातली ती अगदीच वेगळी होती हे कळतं. हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराची शिल्पं बघायला लोक लंडनला जातात, त्याचं माता-बालकाचं एक शिल्प औंधसारख्या गावातही आहे. 'खेड्यात असलं कोण ठेवतं' म्हणणाऱ्यांना औंध हे शंभर टक्के उत्तर आहे.

पण इथे माझे काही मित्रही उड्या मारतात, 'म्हणजे आपल्यालाही एखादा पंतप्रतिनिधी हवा!' त्यांच्याशीही माझं भांडण आहे. औंधला संस्थान होतं आणि पुढे ते संग्रहालय शासनानं सांभाळलं. ते आपल्या हातातलं नाही. आपल्या हातातलं उदाहरण सिंधुदुर्गात आहे. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं: ठाकर आदिवासी कला आंगण. चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या असं घराण्यात चालत आलेलं जे होतं ते तिथे मांडलं, खेळ करून दाखवले, नव्या पोरांना शिकवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गोठ्यात दालन होतं, पण त्यासाठी गोठ्याच्या मालकानं रोज दार उघडावं लागतं. पिंगुळीचा धडा हा एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

चित्रकथीचं नाव निघालं म्हणून मराठवाड्याला एक गोष्ट ऐकवतो. रामायण-महाभारताच्या कथा सांगताना दाखवायच्या या चित्रांच्या शैलीला पैठणचं नाव आहे. पैठण आपल्या गोदावरीवरच, अंकुशनगरापासून वरच्या अंगाला. पण पैठण शैलीची चित्रं बघायची तर पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं लागतं. नाव इथे राहिलं आणि चित्रं गेली. गावात जपून मांडायला जागा नसली की असंच होतं. आज इथल्या पोरानं काढलेलं चांगलं चित्रही त्याच वाटेनं जाणार आहे, किंवा त्याहून वाईट, माळ्यावर पडून वाळवीच्या तोंडी.

चौथा आक्षेप: सरकारनं करावं, नाहीतर कारखान्यानं. सरकारचं आधी बघू. सार्वजनिक वाचनालयांसाठी महाराष्ट्रात १९६७चा कायदा आहे, वर्गवारी आहे, अपुरं का होईना अनुदान आहे. म्हणून खेड्यापाड्यांत वाचनालयांच्या पाट्या दिसतात. चित्रदालनाला तसा कायदा नाही. तो व्हावा ही मागणी मी मनापासून करीन, पण तो होईपर्यंत दार बंद ठेवणं म्हणजे पाऊस पडेपर्यंत जमीन नांगरायची नाही असं म्हणणं झालं.

कारखान्याचं म्हणाल तर हे कुठल्याही एका कारखान्याला किंवा संस्थेला उद्देशून नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे एका मोठ्या संस्थेच्या सावलीत गाव वाढलं तिथे तिथे फुकट खोली मिळणं सोपं असतं. फुकट खोलीचं भाडं मात्र पुढे द्यावं लागतं. आधी उद्घाटनाला कोण हे ठरतं. मग वाढदिवसाला 'कार्यगौरव चित्रप्रदर्शन' येतं. मग निवडणुकीत सहा महिने खोली 'तात्पुरती' दुसऱ्या कामाला जाते. गटबाजीच्या तालुक्यात एका गटाच्या खोलीत दुसऱ्या गटाचा माणूस पाय ठेवत नाही, म्हणजे निम्मे प्रेक्षक पहिल्याच दिवशी गेले. स्वतंत्र दालन म्हणजे भाडं भरणारं दालन. मोठ्या संस्थांनी गिऱ्हाईक म्हणून यावं, त्यांचं स्वागतच आहे. विश्रामगृहासाठी चित्रं घ्यावीत, दरवर्षीचं कॅलेंडर स्थानिक चित्रकाराच्या चित्रावर छापावं आणि त्याचे वेगळे पैसे मोजावेत. कारण १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भिंतीवरचं तयार चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापण्याचा हक्क मिळत नाही, त्याला चित्रकाराची लेखी परवानगी लागते.

मग खर्च? आकडे मी धरलेले आहेत. ज्यानं त्यानं आपल्या गावचे घालून पाहावेत. दहा बाय वीसचा गाळा. दोन बाजू आणि मागची भिंत मिळून पन्नास फूट. एका चित्राला मोकळ्या जागेसकट तीन फूट धरले तर सोळा चित्रं मावतात, आणि दोन महिन्यांच्या प्रदर्शनाला सोळा भरपूर झाली. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. शाळेची पोरं येणार असतील तर थोडा खाली. ट्यूबलाइट नको, तिच्यात रंग आजारी दिसतात. रंग खरे दाखवणारे पिवळसर उजेडाचे एलईडी फोकस, तेही जलरंगावर मंद. दार पश्चिमेला असेल तर पडदा, नाहीतर उन्हाळ्यात रंग उडालाच. रंगरंगोटी, दिवे, टांगायची पट्टी आणि चौकट कापायचं साधं यंत्र असं सगळं लाख-सव्वा लाखात बसतं.

महिन्याला भाडं चार हजार, वीज आणि इंटरनेट दीड, अर्धा दिवस थांबणाऱ्या मदतनिसाला सहा, वाहतूक-किरकोळ दीड: तेरा हजार. जमेला पन्नास चौकटींवर दीडशेप्रमाणे साडेसात हजार. नऊ हजारांची चित्रं विकली गेली तर तिसरा हिस्सा तीन हजार. रविवारच्या चित्रकला वर्गाचे दोन हजार. दवाखाना, पतसंस्था, महामार्गावरचं हॉटेल यांना दहा चित्रं महिन्याला दीडशेनं भाड्यानं दिली, निम्मे चित्रकाराला, तर साडेसातशे. जर्मनीत आर्टोथेक नावाच्या संस्था ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी चित्रं घरी नेऊ देतात, त्यामुळे ही काही माझ्या डोक्यातली अफाट कल्पना नाही. बेरीज तेरा हजार अडीचशे. अडीचशे रुपये उरले. यात चालवणाऱ्याचा पगार नाही, हे लपवत नाही. चौकटीचं काम वाढलं तर तो निघतो, तोवर हा जोडधंदा. पण बुडीत खातंही नव्हे, आणि आक्षेप तर बुडण्याचा होता.

कागदपत्रांचा बाऊ करणाऱ्यांसाठी: राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात एक-दोनच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर नुसत्या वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आणि सेवाही देणाऱ्याची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. अंकुशनगरचं दालन त्या आकड्याला पोचेल त्या दिवशी आपण पेढे वाटू.

खरा कस कायद्यात लागत नाही, वहीत लागतो. चित्रकाराशी एका पानाचा करार, दोन प्रती: चित्राचं नाव, माध्यम, आकार, किंमत, कुणाचा किती हिस्सा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, न विकलेलं चित्र कधी परत. गावोगावी दालनं मोडली ती रसिक नव्हते म्हणून कमी आणि 'आपल्यात कसला कागद' म्हणून जास्त. भिंत भाड्यानं देण्याच्या मोहातही पडू नये. मुंबईचं जहांगीर कलादालन १९५२पासून भाड्यानं आठवडे देतं, ते तिथे शोभतं, कारण रांगेत देशभरचे चित्रकार उभे असतात. लहान गावात पैसे देईल त्याला भिंत, हा नियम केला की महिन्याभरात तिथे फ्लेक्स लागतो.

आता तो टोमणा. शेतकरी अडचणीत असताना चित्रं कशाला? याच तालुक्यांत जत्रेतल्या ऑर्केस्ट्र्यावर, लग्नातल्या डीजेवर, चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पैसा जातो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो नेमका चित्रांच्या वेळी आठवतो. दुसरं, त्या फ्लेक्सनं कुणाचं पोट मारलं हेही बघा. दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या भिंती, सिनेमाचे फलक रंगवणारा पेंटर प्रत्येक बाजारगावात होता. हात सफाईदार, अक्षर देखणं, रंगाचं गणित तोंडपाठ. फ्लेक्स छापणारं यंत्र आलं आणि काही वर्षांत तो मजुरीला लागला किंवा शेतात परतला. तो शेतकऱ्याचाच पोरगा होता. लहान दालन सुरू झालं तर पहिला फायदा अशाच हातांना होणार आहे. शेतकऱ्याच्या घरात चित्र नको असतं हे त्याच्या वतीनं ठरवणारे आपण कोण?

मुंबई-पुण्याच्या दालनांशी अंकुशनगरची तुलना करून कुणी नाक मुरडू नये आणि कुणी न्यूनगंडही घेऊ नये. जवळ अजिंठा-वेरूळ आहे म्हणून छाती फुगवणाऱ्या मराठवाड्यानं आज जिवंत असलेल्या आपल्या चित्रकाराला पन्नास फूट भिंत दिली नाही, तर त्या अभिमानाला काही अर्थ नाही. ज्यांच्याकडे महामार्गालगत रिकामा गाळा आहे त्यांनी तो वर्षभरासाठी रीतसर भाड्यानं द्यावा. कलाशिक्षकांनी पोरं आणावीत. चित्रकारांनी किमती खाली आणून छोटी कामं द्यावीत. आणि जे आजवर हसत आले त्यांनी पहिल्या महिन्यात घरातला एखादा जुना फोटो चौकट बसवायला घेऊन यावं. पावती मिळेल.